गुरुवारचा ताप

मळा, निमोणे (ता. शिरूर)
१९ नोव्हेंबर २०२३

चि. ज्ञानेश्वरी,

मामाचं पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना हा माणूस टपालात तीन-चार दिवस का घालवतो? कारण फोनवर मला आता बोलता येत नाही. तीन वाक्यं झाली की खोकल्याची उबळ येते, आणि पलीकडचा माणूस माझं ऐकायचं सोडून मला पाणी प्यायला सांगतो. भर उन्हात, माईक नसताना, मी दोन-दोन तास सभा धरून ठेवल्या आहेत. पाण्याच्या आवर्तनासाठी तीन गावं कालव्यावर आणून बसवली आहेत. त्या मला आता गाईला हाक मारताना मध्ये थांबावं लागतं. हात शाबूत आहे, म्हणून लिहितो.

दुखणं असं आहे. सकाळी मी बरा असतो. गोठ्याचं आटोपतो, जेवतो, पेपर वाचतो. चार वाजले की अंग मोडून येतं, हुडहुडी भरते, ताप चढतो आणि छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं. पहाटे ओसरतं. पाच महिने हे चाललं आहे. पुण्याच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं होतं, तिथं आठव्या दिवशी मी जिना चढलो. घरी आलो आणि दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा तेच.

कारण मला ठाऊक आहे. आपल्या शिवाराला लागून वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायचा कारखाना झाला आहे, त्याची भट्टी रोज चारला पेटते. चारला भट्टी, चारला ताप. आणखी कोणता पुरावा हवा? निवेदनावर चारशे बारा सह्या झाल्या आहेत. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला प्रदूषणाचे अधिकारी यायचे आहेत. निवेदनाला पहिली जोड माझ्या रिपोर्टची. नळी घालून फुप्फुसात पाणी सोडलं, परत ओढलं आणि तपासलं, तो हा रिपोर्ट. सोबत प्रत पाठवतो. तू फुप्फुसातल्या पेशींवरच डॉक्टर झालीस. कारखान्याच्या वाळूच्या धुळीनं माझ्या छातीत काय केलं, ते गावाला कळेल अशा मराठीत लिहून दे.

तुझी मामी, सारजा, बरी आहे. मी आजारी पडल्यापासून मुरघासाचा खड्डाही तीच उघडते, झटकणं तर पहिल्यापासून तिचंच. मी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि चुका काढतो.

तुझा मामा,
सावळाराम

*

दौंड
२६ नोव्हेंबर २०२३

मामा, नमस्कार घ्या.

नुसत्या रिपोर्टवर मी थांबले नाही. त्या लॅबमध्ये माझी मैत्रीण आहे. शनिवारी कॉलेजचे तास आटोपून पुण्याला गेले आणि तुमच्या काचपट्ट्या स्वतः पाहिल्या.

निरोगी फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी पेशी एकाच जातीच्या असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. श्वासाबरोबर जे आत येतं, धूळ, काजळी, जंतू, ते त्या गिळतात. गिळतात आणि गप्प राहतात. प्रत्येक कणापाठी त्यांनी आरडाओरडा केला, तर सगळं फुप्फुस सुजेल आणि हवेला जागा उरणार नाही. दुसऱ्या असतात लिम्फोसाइट. त्या आठवण ठेवतात. एखादी परकी गोष्ट त्यांच्या ओळखीची झाली की पुढच्या वेळी ती दिसताच त्या जमाव करतात. शंभरात दहा-बारा असाव्यात. तुमच्यात बासष्ट आहेत.

कारखान्याची वाळू तुमच्या छातीत साठली असती, तर तिचे कण भक्षक पेशींच्या पोटात दिसायला हवे होते. खास प्रकाश टाकला की ते चमकतात. मी दोन तास शोधत होते. एकही सापडला नाही.

लिम्फोसाइटांची एवढी गर्दी बहुतेकदा सजीवाच्या धुळीनं होते. बुरशीच्या, पाखरांच्या पिसांच्या. आणि ती धूळ छातीत गेली की चार ते आठ तासांनी ताप येतो. म्हणजे चारच्या तापाचं कारण सकाळी शोधायला हवं.

दोन कामं करा. एक वही घाला आणि रोजचा ताप लिहा. भट्टी गुरुवारी बंद असते, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. गुरुवारचा ताप मला मुद्दाम कळवा. दुसरं, मामी मुरघास झटकते म्हणजे नेमकं काय करते? आणि ती खोकते का?

ज्ञानेश्वरी

*

निमोणे
४ डिसेंबर २०२३

ज्ञानेश्वरी,

मी तुला वकीलपत्र दिलं आणि तू पलीकडच्या बाजूनं उभी राहिलीस.

झटकणं म्हणजे काय, विचारतेस? ऐक. माझा बाप मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचा. बहात्तर साली त्यानं बाभळीच्या शेंगा वेचून कळप जगवला, आणि शेवटी त्याच शेंगा उकडून आम्ही खाल्ल्या. पुढं मेंढरं गेली, जमीन कसली, गाई आल्या. या गावात मुरघासाचा पहिला खड्डा मी मारला. मक्याची कुट्टी करायची, ट्रॅक्टरनं दाबायची, कागद टाकून हवाबंद करायची आणि दीड महिन्यानं उघडायची. लोक म्हणाले, आप्पा चारा कुजवून गुरं मारणार. आज साठ गोठ्यांत खड्डे आहेत आणि भर उन्हाळ्यात दुधाचा कॅन भरतो.

कागदाखाली कुठं हवा शिरली की वरच्या थराला बुरशी येते. तो थर फेकून द्या, असं पुस्तकात लिहिलं आहे. मी दूध सोसायटीच्या सभेत उभा राहिलो आणि सांगितलं, मूठभर पाल्यासाठी ज्यांचे आजे चारशे मैल चालले, त्यांची लेकरं चारा फेकणार नाहीत. बुरशीचा थर गोठ्यात सावलीला वाळवायचा, दाताळ्यानं झटकायचा, पांढरी भुकटी उडून गेली की भाकड जनावरांपुढं टाकायचा. टाळ्या थांबत नव्हत्या. तेव्हापासून साठ गोठ्यांतल्या बाया रोज सकाळी झटकतात. तोंडाला पदर बांधतात. आठ वर्षांत एक जनावर दगावलं नाही.

आता तू म्हणतेस, मला माझा चारा मारतो आणि धूर ओकणारी भट्टी निर्दोष आहे. हे जरा कारखान्याच्या मालकाला लिहून दे. तो तुला सोन्यानं मढवील.

सारजाला थंडीचा खोकला आहे, तो दर हिवाळ्यात असतो. तिची काळजी करू नकोस. साठीची बाई आहे, पण अजून दोन घागरी एका वेळी आणते.

सावळाराम

*

दौंड
९ डिसेंबर २०२३

मामा,

तुमच्या रागाला मी लहानपणापासून भिते. आज भिऊन चालणार नाही.

त्या पांढऱ्या भुकटीचा एक-एक कण इतका बारीक असतो, की पिठाच्या चाळणीतून वारा जावा तसा तो पदरातून जातो आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसता, तिथंही पोचतो. दवाखान्यात नऊ दिवस तो पोचला नाही, म्हणून तुम्ही जिना चढलात.

पुढचं मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहिते. रोज तीच बुरशी आत जाते, तेव्हा लिम्फोसाइट रोज हाका घालतात. भक्षक पेशी चवताळतात, एकमेकींना चिकटून गाठी होतात. जमाव पांगवणाऱ्या पेशीही शरीरात असतात, पण रोजच्या हाकांपुढं त्यांचं काही चालत नाही. मग डागडुजी करणाऱ्या पेशी येतात आणि जिथं तिथं व्रण भरत सुटतात. मऊ फुप्फुस चामड्यासारखं होतं. सूज उतरते. व्रण उतरत नाही. तुमच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना, तळाशी, व्रण आहेत.

मामीच्या छातीत आज कदाचित नुसती सूज असेल. तिला पंधरा दिवस माझ्याकडे दौंडला पाठवा. इथं खोकला थांबला, तर कारण कळेल आणि ती वाचेल. तोवर तुमच्या गोठ्यात कुणी झटकायचं नाही.

कारखान्याशी भांडा. तो धूर वाईटच आहे, त्यानं कुणाकुणाचे डोळे जळतात, छाती जळते ते मोजायला मी स्वतः येईन. पण तुमच्या फुप्फुसांचं खोटं भाषांतर माझ्या हातून होणार नाही.

ज्ञानेश्वरी

*

निमोणे
१९ जानेवारी २०२४

चि. ज्ञानू,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. तुझे फोनही घेतले नाहीत. आता लिहितो ते वाचून तू कुणाला दाखवू नयेस.

वही घातली होती. रोज ताप लिहिला. सात डिसेंबरला गुरुवार, भट्टी बंद, चिमणी थंड. ताप आला. चौदाला आला. एकवीसलाही आला. त्यानंतर मी वही बंद केली. डिसेंबरच्या अखेरीला सारजाच्या भाचीच्या लग्नाला नगरला गेलो होतो, तिथं चार दिवस राहिलो. ताप नाही. वरातीत चाललोसुद्धा. परत आलो, सकाळी सारजानं खड्डा उघडला आणि त्याच संध्याकाळी गोधडीत शिरलो.

म्हणजे महिनाभर मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की खरं बोलायला छाती लागते. आता छातीच राहिली नाही, असं म्हणून सुटता आलं असतं, पण तेही खोटं होईल. मला भीती वाटते ती वेगळी. चारशे बारा लोक माझ्या मागं उभे आहेत. निवेदनात पहिलं नाव माझं, पहिला कागद माझा. मी मागं सरलो तर कारखाना सुटेल. आणि साठ गोठ्यांतल्या बायांना मी आठ वर्षं काय करायला लावलं, ते मला त्यांच्या नवऱ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल.

सव्वीस तारीख होऊ दे. एकच आठवडा गप्प राहा. मग सारजाला पाठवतो. तिच्यामागं धारा कोण काढणार, ती व्यवस्थाही लावायची आहे. परवा घागर वाटेतच ठेवून ओट्यावर बसली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, गुडघा.

सावळाराम

*

दौंड
२२ जानेवारी २०२४

मामा,

गुडघा दुखणारी बाई गुडघ्याला हात लावते. ओट्यावर बसली तेव्हा मामीनं हात कुठं ठेवला होता, तेवढं आठवून बघा.

हे पत्र तुमच्या हातात पडायच्या आधी मी तिथं आलेली असेन. मंगळवारी सकाळी गाडी घेऊन निघते. मामीचे चार कपडे बांधून ठेवायला फोनवर सांगितलं आहे. तुमचं गुपित मी कुणाला सांगणार नाही. ते तुमचं काम आहे आणि ते तुम्ही सव्वीसलाच करायचं आहे, सत्तावीसला नाही.

ज्ञानेश्वरी

*

निमोणे
३ मार्च २०२४

ज्ञानूबाई,

मी चौथी शिकल्याली बाई. अक्षर समजून घे. दहाव्याला तू आलीस तवा घर माणसांनी भरलं व्हतं, बोलता आलं न्हाई.

तुझी गाडी त्या मंगळवारी मोकळी धाडली, त्याचा तुला राग हाय. तुला वाटलं, मामी अडाणी, हिला कळंना. मला समदं कळत व्हतं. मी दौंडला आले असते तर ह्यांनी दाताळं हातात घेतलं असतं. गाया उपाशी ठेवणारा माणूस न्हाई तो. म्हणून मी गेले न्हाई. आन् आणीक एक सांगते. खोकला ह्यांच्या आधी मला लागला. दोन वरसं झाली. धार काढताना गाईच्या कुशीला तोंड लावून खोकायची, म्हंजी ह्यांना ऐकू जात नव्हतं. ह्यांना कळलं असतं तर झटकायला सोता बसले असते. शेवटी कळलंच. तुझं शेवटचं पत्र आलं, त्या रातीला मला पुढ्यात बसवलं आन् म्हणले, श्वास घे, मोठा घे. मला घेता आला न्हाई.

सभेचं तुला कुनी खरं सांगितलं नसंल. ते उठले. कागद हातात व्हता, तो वाचलाच न्हाई. म्हणले, "माझ्या छातीत कारखाना न्हाई. माझ्या छातीत माझाच चारा हाय. बायांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. उद्यापासनं झटकू नका." मग खोकला आला. एवढंच झालं त्यांचं भाषण.

मग गेणबा, सोसायटीचा, मागनं म्हणला, "आप्पा, पाकीट केवढ्याचं घेतलं?" लोक हसले. आन् नेमका कारखान्याचा सायब पुढं आला, ह्यांचा हात हातात घिऊन हालवला. तिथंच समद्यांची खात्री पटली. अधिकारी निवेदन न घेताच गेले. रस्त्यात लोक ह्यांच्याकडं बघायचे बंद झाले. ज्यांच्या तोंडी रातंदिस आप्पा-आप्पा व्हतं, ती माणसं दूध घालताना पाठ करून उभी राहायची. झटकणं कुनीबी सोडलं न्हाई. उलट बाया म्हणायच्या, कारखान्यानं आपलं पाप आमच्या चाऱ्यावर घातलं.

ह्यांनी दोन-चार घरी जाऊन सांगून बघितलं. तीन शब्दांच्या पुढं आवाज निघंना. मग एक दिवस मला म्हणले, आज डेअरीला तू जा, सोसायटीची सही बी तूच कर, येळ लागला तर लागू दे. मी आले तवा खड्ड्याचा वरचा समदा थर ओढ्यात पडला व्हता. एकट्यानं पाट्या भरून न्हेला व्हता. अंगावर, मिशीवर पांढरी पूड. म्हणले, "सारजे, झालं. आता तुला हात लावायला काय ठेवलं न्हाई." चारला ताप आला. सहाला ओठ निळे झाले. पुण्याला पोचेपतोर शुद्ध व्हती. पाचव्या दिसापतोर मशिनीवर ठेवलं. पुढचं तुला ठाऊक हाय.

मी आता शुक्रवारी येते. तू म्हणशील त्या दवाखान्यात न्हे.

सारजाबाई

*

दौंड
२१ मार्च २०२४

मामी,

तुला गोड लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा फाडला.

तुझा रिपोर्ट आला. पाण्यात लिम्फोसाइट शंभरात अठ्ठेचाळीस. स्कॅनमध्ये सूज आहे, ती औषधानं बरीचशी उतरेल. पण तळाला व्रणही आहेत, मामांच्या निम्मे असतील. दोन वर्षांपूर्वी तू मोठ्यानं खोकली असतीस तर नसते. हे तुला टोचायला लिहीत नाही. मला स्वतःलाच ते वाचावं लागतं आहे. नोव्हेंबरात मी पत्रं लिहीत बसले. पहिल्याच दिवशी गाडी घेऊन यायला हवं होतं.

व्रण मागे जाणार नाहीत. पुढं जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात आहे. गोळ्या चुकवू नकोस. गाई विकायच्या की हिरवा चारा टाकायचा, ते तू ठरव. पण आता मुरघासाच्या जवळ जायचं नाही, आपल्याही नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांब. आणि तिथं एकटी राहू नकोस. इथं तुझी खोली तयार आहे.

ज्ञानेश्वरी

*

निमोणे
१४ एप्रिल २०२४

ज्ञानूबाई,

गोळ्या घेते. तोंड सुजलंय, बाया म्हणतात मामी लठ झाली. दोन गाया ठेवल्यात, त्यांना ऊस आन् घासगवत टाकते. खोली तयार हाय म्हणलीस, बरं वाटलं. पण एवढ्यात यायची न्हाई. इथं काम निघालंय.

गेणबाच्या घरी नवी सून आल्याली हाय, प्राची. बावीस वरसाची. लग्नाला वरीस झालं न्हाई. सकाळच्याला त्यांच्या गोठ्यात ती झटकते. पांढरा धूर निस्ता. गेल्या म्हैन्यापासनं तिचा खोकला मला माझ्या ओट्यावर ऐकू येतो. कोरडा, बारीक, लागोपाठ. मला ओळखू येतो तो.

गेणबाला सांगायला गेले. तो म्हणला, मामी, आप्पाचं ऐकलं, आता तुमचं बी ऐकू व्हय? गोठा आमचा हाय.

तर आता मी काय करते, सकाळी धार झाली की त्यांच्या गोठ्यासमोर लिंबाखाली दगडावर जाऊन बसते. लांब बसते, तू ओरडू नकोस. वारं बघून बसते. काय बोलत न्हाई. बोलायला दम बी न्हाई. नुस्ती बसते, आन् खोकला आला की दाबत न्हाई. मोठ्यांदा खोकते, पार डोळ्याला पाणी येईपतोर. ती झटकता झटकता माझ्याकडं बघते. मग ती खोकते. मग मी. गेणबा दोनदा म्हणला, मामी, घरला जा. मी म्हणले, दगड गावचा हाय.

सोळा दिवस असं चाललं. परवा तिनं दाताळं भुईवर ठिवलं, माझ्याजवळ आली आन् इचारलं, "मामी, तुमाला पयल्यांदा कवा लागला?" मी सांगितलं. तिनं दाताळं तिथंच राहू दिलं. घरात गेली. काल सकाळी झटकायला आली न्हाई.

आज तिची सासू झटकत व्हती.

उद्यापासनं सासूपुढं बसायचं.

सारजाबाई